येळवशीच्या आधी आलेला फोन

चूक माझी होती. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं लिहिता लिहिता मला आडोसा शोधायला जागा राहणार नाही. बायकोच्या ऑपरेशनची तारीख कळवायला दवाखान्यातून फोन आला होता. तो मी घेतला आणि तिला न विचारता ती तारीख परत केली. नंतर तिला सांगितलंही नाही. पुढचे सात महिने तिनं दुखणं काढलं, आणि त्या सात महिन्यांत घरातले, भावकीतले, शाळेतले सगळे दवाखान्याला नावं ठेवत होते. त्यांच्यात बसून मीही ठेवत होतो.

आता ऑपरेशन होऊन गेलंय. ती काठी विसरून अंगणात जाते आणि मग काठी कुठं ठेवली म्हणून मलाच ओरडते. तो आवाज परत ऐकायला मिळाला म्हणून हे लिहायचा धीर झाला.

मी ताडकळसला हायस्कुलात गणित शिकवतो. गावाबाहेर थोडी शेती आहे, ती बायकोच बघायची. मी सुट्टीच्या दिवशी बांधावर उभा राहून सल्ले द्यायचो. दोन वर्षांमागं तिच्या उजव्या जांघेत दुखायला लागलं. आधी कंबर धरली म्हणून तेल झालं, मग शीर आखडली म्हणून एका म्हातारीकडून चोळून झालं. शेवटी फोटो काढला तेव्हा कळलं की खुब्याचा सांधा झिजलाय. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून दाखवला. डावीकडं वाटी आणि गोळा यांच्यामध्ये बारीक फट दिसत होती. उजवीकडं फटच नव्हती, हाडावर हाड घासत होतं. बायकोनं मान पुढं करून बघितलं आणि म्हणाली,

"म्हंजी जात्यात दाणेच न्हाईत, आन नुसतंच दळायलेत."

डॉक्टर हसले. म्हणाले, "बरोबर समजलात बाई. जातंच बदलावं लागेल."

ऑपरेशन सरकारी योजनेतून होणार होतं. दिवाळीच्या आधीच फॉर्म भरता आला असता, पण कापसाची वेचणी होऊ द्या म्हणून तिनंच पंधरा-वीस दिवस लांबवलं. मग कागद गोळा केले, फॉर्म भरला, फॉर्मवर नंबर माझा दिला. तिच्याकडं साधा बटणांचा मोबाइल आहे, तो बहुतेक वेळा पिठाच्या डब्यावर सापडतो. "तुमचाच द्या, मला कवा ऐकू येतंय," असं तीच म्हणाली होती.

मला सख्खी-चुलत कुठलीच बहीण नाही. लग्न झाल्यापासून ती शेजारणींना सांगायची, "मला नणंद न्हाई, लय सुखात हाय मी." दुखणं वाढलं तेव्हा तिनं त्यालाच नणंद म्हणायला सुरुवात केली. शाळेतून आल्यावर मी विचारायचं, "कसं काय आज?" आणि तिनं सांगायचं, "सकाळपासून आल्यात तुमच्या भगिनी. च्या झाला, जेवण झालं, आता माझ्याकडून पाय दाबून घ्यायलेत." एखादा दिवस बरा गेला की म्हणायची, "आज सासरी गेल्यात वाटतं. उद्या दुप्पट होऊन येतील, तुमचंच रक्त हाय."

मी हसायचो. फोन येईपर्यंत त्या हसण्यात काही खोट नव्हती.

फोन आला तो गुरुवार होता. चौथा तास मोकळा होता म्हणून मी मुख्याध्यापकांच्या खोलीत बसलो होतो. येत्या सोमवारी येळवस होती.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं येळवस म्हणतात. त्या दिवशी गावात माणूस उरत नाही, सगळे रानात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायची, तिच्यात पूजा मांडायची, रानाला फेरी मारून आंबील शिंपडायची, आणि मग येईल त्याला भज्जी-आंबील वाढायची. भज्जी म्हणजे कांदाभजी नव्हेत. तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे कोवळे दाणे, हरभऱ्याचा पाला, चिंच आणि बेसन एकत्र शिजवलेली घट्ट भाजी. ती प्रत्येक घरची वेगळी लागते. कुणाच्या रानात किती माणसं जेवली आणि कुणाची भज्जी कशी होती, यावर आमच्याकडं पुढं महिनाभर बोलणं चालतं.

आमच्या घरची भज्जी भावकीत नावाजलेली. त्या वर्षी शाळेत नवे मुख्याध्यापक आले होते, घाटाकडचे. त्यांनी येळवस कधी बघितली नव्हती. मी मोठ्या तोऱ्यात सगळ्या शाळेला आमच्या रानात बोलावून ठेवलं होतं. बायकामुलं धरून तीस-पस्तीस माणसं. घरी सांगितलं तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "बोलावलंय तर येऊ द्या." मी ते होकार समजलो.

मुख्याध्यापक समोर बसून विचारत होते, "मग सर, सोमवारी किती वाजता निघायचं?" आणि तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून एक माणूस म्हणाला, "पेशंटला सोमवारी सकाळी भरती करा. मंगळवारी ऑपरेशन घेतील."

माझ्या तोंडून जे निघालं ते मला अक्षर न अक्षर आठवतं. "साहेब, सोमवारी अमावस्या आहे. अमावस्येला आमच्यात असलं काही करत नाहीत. पुढच्या आठवड्यातली तारीख द्या."

तो म्हणाला, "बघा बरं का, पुढची कधी मिळेल ते सांगता येत नाही. नकार लिहू का?"

मी म्हणालो, "लिहा."

गणिताच्या मास्तरनं अमावस्येचं कारण सांगितलं. मी अमावस्या मानत नाही. वर्गात पोरांची त्यावरून थट्टा करतो. आणि आमच्या भागात तर शेतकऱ्याला ही अमावस्या सणाची. पण अमावस्या म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही, हे मला माहीत होतं. फोन ठेवून मी मुख्याध्यापकांना म्हणालो, "अकरापर्यंत या सर, आंबील तोवर गार होते."

घरी गेलो तर ती खुर्चीवर बसून मोठ्या पातेल्यात ताकात ज्वारीचं पीठ कालवून बघत होती. "आला का फोन?" तिनं रोजच्यासारखं विचारलं. मी म्हणालो, "येईल." पुढच्या आठवड्यात येईलच, मग सांगायची गरजच काय, असा माझा हिशोब होता.

येळवशीच्या दिवशी ती पहाटेपासून उभी होती. आंबिलीची घागर दरवर्षी तिच्या डोक्यावर असायची, त्या वर्षी मी मोटारसायकलवर नेली आणि नेताना वाटेत दोघातिघांना सांगितलं की बघा, बायकोला त्रास नको म्हणून मी नेतोय. रानात मांडी घालून बसणं तिला जमत नव्हतं. बसली तर उठता येत नव्हतं. म्हणून दिवसभर ती कोपीच्या मेढीच्या लाकडाला टेकून उभी राहिली. पंगतीत वाढताना गुडघे न वाकवता नुसती कमरेतून वाकायची आणि वर येताना एक हात मांडीवर दाबायची. मुख्याध्यापकांनी तीनदा भज्जी घेतली. म्हणाले, "वहिनी, असली भाजी जन्मात खाल्ली नाही." तिचा चेहरा उजळला, आणि लगेच ओठ आत ओढला गेला, कारण तेवढ्यात पाय चुकीचा पडला होता. हे मी बघितलं. बघून हरभऱ्याकडं तोंड केलं आणि एका सरांना घाटे कसे लागलेत ते दाखवायला लागलो.

पुढच्या आठवड्यात फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी स्वतःहून लावला तर कळलं की ती जागा दुसऱ्या पेशंटला गेली. मग मंजुरीची मुदत संपली, कागद परत भरावे लागले. दुसरी मंजुरी येईस्तोवर सांध्याचं ऑपरेशन करणारे डॉक्टर बदलून गेले. नवे आले तर तिच्या मापाचा सांधा यायचा होता. त्यात कुणी मुद्दाम काही केलं असं मला वाटत नाही. तिथं रांग मोठी आहे आणि माणसं थोडी. आम्ही रांगेतून एकदा बाहेर पडलो होतो, इतकंच. बाहेर मी पडलो होतो, उभी ती होती.

दुखणं वाढत गेलं तशी तिनं घराची मांडणी बदलली. ओट्यासमोर खुर्ची आली. मोरीत लोखंडी कमोडची खुर्ची आली. शाळेतल्या हेडमास्तरांच्या जुन्या खुर्चीसारखी दिसते म्हणून बायको त्या खुर्चीला "हेडमास्तर" म्हणायची. विटकर तापवून फडक्यात गुंडाळून शेकायची, एरंडाची पानं तव्यावर गरम करून बांधायची. गोळ्यांनी पोटात आग पडायला लागली तेव्हा एक दिवसाआड घ्यायची आणि ज्या दिवशी घ्यायची त्या दिवसासाठी कामं राखून ठेवायची. जुन्या सुती लुगड्याची पट्टी फाडून तिचा फास केला होता. खाटेवर चढताना तो पावलात अडकवायचा आणि उजवा पाय दोन्ही हातांनी वर ओढून घ्यायचा. "विहिरीतून बादली काढल्यावानी," ती म्हणायची. दारापासून गोठ्यापर्यंत आधी सत्तावीस पावलं व्हायची. उन्हाळ्यात तिनं मला सांगितलं, "आता एकेचाळीस व्हायलेत. ओ मास्तर, गोठा तिथंच हाय ना? का सरकवला कुणी?"

मी म्हणालो, "पावलं लहान पडायलीत तुझी."

"ते कळतंय की. तुमाला गणित येतंय का ते बघायले."

वाकता येत नसल्यानं पायाची नखं कापता येत नव्हती. तिनं ते मला महिनाभर सांगितलं नाही. एका रविवारी सकाळी ओसरीवर अंगठ्याला रक्त दिसलं, नख आत घुसलं होतं. मी नेलकटर घेऊन तिच्या पुढ्यात खाली बसलो आणि तिचं पाऊल माझ्या मांडीवर घेतलं. तिनं ओढून घ्यायचा प्रयत्न केला, पण तेवढाही पाय तिच्या ताब्यात नव्हता.

"अहो, सोडा. कुणी बघितलं तर? माझ्या पायाला हात लावायलात. पाप लागंल मला."

"लागू दे."

"तुमचं काय जातंय, लागणार मला हाय."

मी कापत राहिलो. जोडव्यांखाली मळ साठला होता, तो काडीनं काढला. सव्वीस वर्षांच्या संसारात मी तिचं पाऊल इतक्या जवळून बघितलं नव्हतं. टाचेला कापसाच्या रानातल्या जुन्या भेगा होत्या. ती वरून म्हणाली, "सरळ कापा. पट्टी आणून देऊ का?" आणि मग जरा वेळानं, वेगळ्या आवाजात, "लय करायलात तुमी माझं." त्या वेळी सांगायला हवं होतं. मी नखं गोळा करून उठलो आणि हात धुवायला गेलो. त्या सकाळी तिनं शेजारणीला हाक मारून सांगितलं की आमचे मास्तर कसे आहेत बघ. मी मोरीत होतो, तिथंच थांबलो.

याहून वाईट एक दिवस आहे. आमची मुलगी सासरी, सेलूला असते. तिनं चिडून परस्पर दवाखान्यात फोन लावला आणि मग आम्हाला लावला. बायकोनं माझा मोबाइल मोठ्या आवाजावर ठेवला होता. मुलगी म्हणत होती, "आई, ते काय म्हणायलेत माहितीय का? म्हणे आमच्याकडं नोंद आहे, पहिली तारीख पेशंटकडूनच नाकारली. मी म्हणलं, माझे बाबा असं करणं शक्यच नाही. खोटं बोलायलेत ते!"

बायको म्हणाली, "सोताचं झाकायला आपल्यावरच घालायलेत, मेले." मग माझ्याकडं बघून, "ऐकलं का?"

मी म्हणालो, "ऐकलं." मुलगी तिकडून माझ्या बाजूनं भांडत होती आणि मी टेबलावरचा वह्यांचा गठ्ठा सरळ करत होतो.

जुलैत एकदाचं बोलावणं आलं. जीप केली, मागच्या सीटवर गादी टाकली, उशा लावल्या. शहरात पोचलो तर ऑपरेशनच्या खोलीत काही बिघाड झाला होता, त्या दिवसाची सगळी ऑपरेशनं पुढं गेली होती. पंधरा दिवसांनी या म्हणाले. परतीच्या रस्त्यावर खड्डा आला की ती सीटची कड धरायची. देवगाव फाट्यावर म्हणाली, "जरा थांबवा."

ड्रायव्हर उतरून चहा सांगायला गेला. मी तिला उतरवलं. ती जीपच्या बॉनेटवर दोन्ही हात टेकवून उभी राहिली. सरळ होता येत नव्हतं. फाट्यावर एसट्या येत होत्या, माणसं धावत होती, कुणीतरी तिच्याकडं वळून बघत होतं. तिनं पदर नीट केला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,

"माझंच चुकलं."

"काय?"

"दिवाळीच्या आधीच फारम भरला असता तर एवढं झालं नसतं. कापूस वेचू द्या म्हणून मीच अडून बसले. तुमी म्हणत होतात. आता माझ्यापायी तुमाला हे हेलपाटे, शाळेच्या रजा. पोरीला बी ताप." तिचा आवाज फुटला. एवढ्या महिन्यांत तो दुखण्यानं फुटला नव्हता. "माफ करा मला."

मी म्हणालो, "तुझं चुकलं नाही. तारीख आली होती. येळवशीच्या आधी, गुरुवारी. मी परत केली. अमावस्या होती म्हणून."

ती हळूहळू वळली. "पोरीला दवाखान्यात सांगितलं ते खरं होतं?"

"खरं होतं. मला वाटलं आठवड्यात दुसरी देतील. आणि अमावस्येला…"

"तुमी कवापासून अमावस्या पाळायलात?"

ड्रायव्हर तीन चहा घेऊन आला. तिनं आपला कप घेतला, उभ्यानंच संपवला, कप त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "मला बसवा गाडीत." मी हात दिला तर तिनं ड्रायव्हरचा धरला. ताडकळसपर्यंत ती खिडकीकडं तोंड करून होती. खड्ड्यांनाही तिनं आवाज दिला नाही.

दोन दिवस ती माझ्याशी लागेल तेवढंच बोलली. चहा ठेवलाय. गिरणीतून दळण आणायचंय. नणंदेचा विषय बंद. एरंडाची पानं तिनं शेजारणीकडून मागवून घेतली. मी विटकर तापवून नेली तर म्हणाली, "ठेवा तिथं." मला तिचं रागावणं माहीत होतं, भांडी आपटून ती मोकळी होते. हे आपटणं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून लवकर निघालो. ती ओट्यासमोरच्या खुर्चीवर मांडीवर सूप घेऊन तुरीची डाळ निवडत होती. मी आधी मुलीला फोन लावला, आवाज मोठा केला आणि सांगितलं, दवाखान्यातला माणूस खरं बोलत होता, तारीख मीच नाकारली होती, आणि तू माझ्यासाठी भांडत होतीस तेव्हा मी गप्प बसलो. मुलगी म्हणाली, "आई ऐकायलीय का?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मग मला नंतर बोला, बाबा. आधी तिच्याशी बोला," आणि फोन ठेवला.

मी बायकोच्या पुढ्यात फरशीवर बसलो. तिनं खडा उचलून बाजूला टाकला. डाळीकडंच बघत म्हणाली,

"फोनचं सोडा. चुकतं माणूस. मी तीस माणसांचं केलं त्या दिवशी. एका पायावर. तुमी मला बघितलंच न्हाई, आसं मी सात महिने धरून चालले. खरं सांगा, बघितलं होतं का?"

अमावस्या, आठवडाभराचाच प्रश्न, समोर बसलेले मुख्याध्यापक, ही सगळी कारणं माझ्या जिभेवर आली होती. ती मी गिळली.

"बघितलं होतं," मी म्हणालो. "तू मांडी दाबून वर यायचीस ते दिसत होतं मला. दिसलं आणि मी तोंड फिरवलं, कारण लोक तुझ्या भज्जीचं कौतुक करत होते आणि ते मला माझं वाटत होतं. दुखणं तुझं होतं, तारीख तुझी होती. ती परत करायचा मला काही हक्क नव्हता. मग भ्यालो म्हणून गप्प बसलो, आणि तू मला चांगलं म्हणत राहिलीस तेही ऐकून घेतलं. माझं चुकलं. मला माफ कर."